मित्राचा सल्ला आणि शत्रूशीं सलूख

दोघां राजांनीं मिळून तिसऱ्याशीं युद्ध मांडलें असतां त्यांपैकीं एकाच्या मनांत शत्रूशीं बोलणें लावावें असें आलें, तर त्यानें आपल्या जोडीदारास आधीं विचारावें कीं नाहीं? हा प्रश्न मुत्सद्द्यांच्या कचेरींतला आहे, नीतिविचाराचा त्याच्याशीं फारसा संबंध नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. मुत्सद्द्यास विचारलें तर तो सांगेल कीं, सोयीचें असेल तर विचारावें, नसेल तर मागाहून कळवावें. कळवितांना भाषा मात्र गोड ठेवावी. उलट, सकाळीं वर्तमानपत्र हातीं घेऊन बसलेला सज्जन गृहस्थ म्हणेल, "यांत विचार करण्यासारखें काय आहे? मित्रास विचारलेंच पाहिजे." आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत. पहिल्यास मैत्रीचा विसर पडला आहे आणि दुसऱ्यास युद्धाचा. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा थोडा सावकाशीनें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे. आणि त्यासाठीं फार दूर जावयास नको, कारण आपल्याच इतिहासांत त्याचें एक उत्तम उदाहरण पडलेलें आहे.

त्यापूर्वीं एक घरगुती दाखला घेऊं. दोन चुलतभावांनीं मिळून एका सावकाराविरुद्ध दावा लावला आहे. वकिलाची फी दोघांनीं अर्धी अर्धी भरली, साक्षीदार दोघांनीं जमविले, तारखांस दोघेहि हेलपाटे घालीत आहेत. अशा वेळीं थोरल्यानें एका संध्याकाळीं सावकाराच्या पेढीवर जाऊन आपल्या हिश्श्यापुरती तडजोड करून टाकली, तर कायद्याच्या दृष्टीनें त्यानें कदाचित् कांहींच वावगें केलें नसेल. हिस्सा त्याचा, तडजोडहि त्याची. परंतु दुसऱ्या दिवशीं धाकटा कोर्टांत उभा राहतो, तेव्हां त्याची स्थिति कालची राहिलेली नसते. सावकाराचा सारा जोर आतां त्याच्या एकट्यावर येणार, आणि ही गोष्ट सावकारास ठाऊक आहे, थोरल्यास ठाऊक आहे; धाकट्यास तेवढी ठाऊक नाहीं. आदल्या दिवशीं त्याला कळतें, तर तोहि तडजोडीचा विचार करता, निदान नवें कर्ज काढून पुढची फी भरता ना. तडजोडीनें त्याचें जें नुकसान झालें त्याहून अधिक त्याला अंधारांत ठेवल्यानें झालें. युद्धांत या फीच्या जागीं माणसें असतात, एवढाच फरक.

येथें तीन निरनिराळ्या गोष्टींचा घोटाळा होण्याचा संभव आहे, म्हणून त्या आधींच वेगळ्या करून ठेवतों. मित्रास कळविणें ही एक गोष्ट. त्याचें म्हणणें ऐकून घेणें ही दुसरी. आणि त्याची संमति मिळाल्यावांचून पाऊल न टाकणें ही तिसरी. कळविणें म्हणजे निरोप, ऐकणें म्हणजे सल्ला, संमति म्हणजे बंधन. ज्यांना मित्रास विचारण्याचा कंटाळा असतो ते 'संमति मागत बसलों तर युद्ध कधींच संपणार नाहीं' असा युक्तिवाद करून सल्ल्यासहि फांटा देतात; आणि ज्यांना आपण विचारलें असें दाखवावयाचें असतें ते निरोपालाच सल्ला म्हणतात. जुन्या मराठी कागदांत 'सला' हा शब्द तहाच्या अर्थानेंहि येतो, ही गंमतीची गोष्ट आहे. शब्द जवळ असले तरी कृति मात्र नेहमीं जवळ राहिल्या नाहींत.

आतां आमच्या उदाहरणाकडे वळूं. सन १७७५ मध्यें राघोबादादांनीं सुरतेस मुंबईकर इंग्रजांशीं करार केला, तेव्हांपासून जें युद्ध सुरू झालें त्यांत वडगांवास जानेवारी १७७९ मध्यें इंग्रजांस मान खालीं घालावी लागली. परंतु कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जनें तो करार मानला नाहीं, आणि युद्ध पुन्हा पेटलें. त्या वेळीं नाना फडणिसांनीं जी योजना केली ती हिंदुस्थानच्या राजकारणांत फार मोठ्या आवांक्याची होती. पुण्याचा दरबार, हैदराबादचा निजाम, नागपूरकर भोसले आणि म्हैसूरचा हैदर अल्ली या चौघांनीं चार दिशांनीं इंग्रजांवर चालून जावें असा तो बेत होता. यांतील हैदर म्हणजे मराठ्यांचा जुना वैरी. थोरल्या माधवरावांनीं त्याच्यावर स्वारीमागून स्वारी केली होती, आणि त्यांच्या मागें त्यानें कृष्णेपर्यंतचा मुलूख दाबला होता. अशा माणसास जवळ करण्यासाठीं पुण्याच्या दरबारानें तो मुलूख त्याच्याकडे राहूं देण्याचें पत्करलें आणि खंडणीहि हलकी केली. मोबदल्यांत त्यानें मद्रासेवर चालून जावें आणि कोणी एकट्यानें इंग्रजांशीं तह करूं नये, अशी बोली झाली.

हैदरानें आपली बाजू पुरी केली. जुलै १७८० मध्यें सुमारें ऐंशी-नव्वद हजारांचें सैन्य घेऊन तो घाट उतरून कर्नाटकांत आला, आणि १० सप्टेंबर १७८० रोजीं पोलिलूर येथें त्यानें कर्नल बेलीच्या फौजेचा असा फडशा पाडला कीं, इंग्रजांचा इतका मोठा पराभव हिंदुस्थानांत त्यापूर्वीं झाला नव्हता. इतरांचें काय झालें? निजाम पहिल्यापासूनच थंड होता; हेस्टिंग्जनें गुंतूरचा प्रांत परत देऊन त्याला बाजूस काढलें. नागपूरकरांची फौज ओढ्या प्रांतांत जाऊन बसली आणि पैसा घेऊन स्वस्थ राहिली. राहिले पुणेकर आणि हैदर. इंग्रजांनीं वसई घेतली, पण गॉडर्डची फौज बोरघाटांतून पुढें सरकली नाहीं. सन १७८१ च्या एप्रिलांत ती मार खात पनवेलीस परत आली. तिकडे उत्तरेंत मात्र चित्र निराळें होतें. पॉफमनें ग्वाल्हेरचा किल्ला सन १७८० च्या ऑगस्टांत एका रात्रींत शिड्या लावून घेतला, आणि पुढल्या मार्चांत कर्नल कॅमॅकनें महादजी शिंद्यांच्या छावणीवर रात्रीं छापा घातला. माळव्याची नासाडी महादजींच्या डोळ्यांदेखत होत होती.

१३ ऑक्टोबर १७८१ रोजीं महादजींनीं कर्नल म्यूर याच्याशीं स्वतःपुरता करार केला, आणि इंग्रज व पेशवे यांच्यामध्यें आपण मध्यस्थी करूं असें कबूल केलें. त्यांतून १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांकडून महादजी. वसई परत आली, साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबांस महिना पंचवीस हजारांची नेमणूक ठरली, भडोच शिंद्यांस मिळालें, आणि दोन्ही पक्षांनीं तह पाळावा याचे जामीन स्वतः महादजी झाले. हें सारें शाळेंत शिकलेलें वाचकांस आठवत असेल. परंतु शाळेंत ज्यावर भर देत नाहींत असें एक कलम या तहांत आहे. हैदरानें इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा जो मुलूख घेतला तो त्याच्याकडून सोडवून देण्याचें आणि त्याच्या कैदेंतले लोक सहा महिन्यांच्या आंत मोकळे करविण्याचें पेशव्यांनीं पत्करलें. हैदर त्या वेळीं कोठें होता? तो कर्नाटकांत इंग्रजांशीं लढत होता. पोर्टो नोव्हो येथें सर आयर कूटकडून सन १७८१ च्या जुलैंत त्यानें मार खाल्ला होता, तरी त्यानें मैदान सोडलें नव्हतें. ज्या कलमानें त्याच्या सर्व विजयांचें पाणी होत होतें त्या कलमाच्या बैठकीस त्याचा वकीलहि नव्हता.

आमच्या मतें या प्रकरणांतील नैतिक गांठ नेमकी येथें आहे. पेशव्यांनीं इंग्रजांशीं तह केला ही हैदराची फसवणूक होती काय? ती गोष्ट वादाची आहे. सात वर्षें लढून थकलेल्या राष्ट्रास तह करण्याचा हक्क नाहीं असें कोण म्हणेल? परंतु दुसऱ्याच्या हातांतली वस्तु, त्याला न विचारतां, त्याच्या शत्रूस देण्याचें वचन द्यावयाचें, हा प्रकार तह करण्याच्या हक्कांत बसत नाहीं. थोरल्या चुलतभावानें आपली तडजोड केली हें एक. आणि 'धाकट्याकडूनहि मी दावा काढून घेववितों' असें सावकारास लिहून दिलें हें दुसरें.

महादजींच्या बाजूनें बोलण्यासारखें थोडें नाहीं, आणि तें न बोलणें अन्यायाचें होईल. चौघांच्या जुटींतले दोघे आधींच फुटले होते. तिसरा जोडीदार लढत होता खरा, पण तो आपल्या मुलखासाठीं लढत होता. माळव्यांत जी रयत नागवली जात होती तिला पुण्याच्या वाड्यांत झालेल्या बोलीचा काय उपयोग? शिवाय हैदरास विचारलें असतें तर तो काय म्हणणार हें सर्वांस ठाऊक होतें. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे त्याला प्रश्न कशाला विचारावयाचा? हा शेवटचा युक्तिवाद वरून फार बिनतोड दिसतो, आणि म्हणूनच तो सर्वांत धोक्याचा आहे. मित्रास विचारणें म्हणजे केवळ त्याचें मत जाणून घेणें नव्हे. आपल्या मनांत काय आहे हें त्या विचारण्यांतूनच त्याला कळतें, आणि तें कळल्यावर तो आपली तजवीज करूं शकतो. हैदराचें उत्तर महादजींस ठाऊक असेल. महादजींचा प्रश्न हैदरास ठाऊक नव्हता. निजाम व भोसले फुटले ही सबबहि टिकत नाहीं. निजामानें वचन मोडलें तर निजामाशीं केलेलें वचन सुटतें. ज्यानें मोडलें नाहीं त्याच्याशीं केलेलें तें सुटत नाहीं.

नाना फडणिसांस हें दिसत होतें असें त्यांच्या वागण्यावरून म्हणावें लागतें. हेस्टिंग्जनें जूनमध्येंच तहास मान्यता दिली. नानांनीं शिक्कामोर्तब करण्यास डिसेंबर उजाडविला. साष्टी सुटली याचें त्यांस दुःख होतेंच, आणि हैदर मैदानांत असेपर्यंत इंग्रजांवर दाब राहतो हा हिशेबहि होता. नानांचें लांबविणें शुद्ध नीतिबुद्धीनें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या मनांत नीति आणि हिशेब हे बहुधा एकाच वहींत लिहिलेले असत. ७ डिसेंबर १७८२ रोजीं चित्तूरजवळच्या छावणींत हैदर वारला, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस पुण्यानें तहावर मोहर केली. ज्या मित्राला विचारावयाचें राहिलें होतें तो विचारण्याच्या पलीकडे गेला, आणि प्रश्न सुटला. राजकारणांत असे पुष्कळ प्रश्न सुटतात.

योगायोग असा कीं, याच वर्षीं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास हेंच नाटक चाललें होतें, आणि तेथेंहि एका बाजूस इंग्रजच होते. अमेरिकेनें ६ फेब्रुवारी १७७८ रोजीं फ्रान्सशीं सख्य केलें, त्याच्या आठव्या कलमांत दोहोंपैकीं कोणींहि दुसऱ्याच्या संमतीवांचून इंग्लंडशीं तह करूं नये असें स्पष्ट होतें. सन १७८१ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें तर आपल्या वकिलांस याहूनहि पुढें जाऊन आज्ञा केली होती कीं, फ्रान्सला कळविल्यावांचून व त्याच्या अनुमतीवांचून कांहींच करूं नये. असें असतां फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि जॉन जे यांनीं इंग्रजांशीं परस्पर बोलणें चालवून ३० नोव्हेंबर १७८२ रोजीं तहाच्या प्राथमिक कलमांवर सह्या केल्या. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन यास कलमें ठरल्यावर, अगदीं सही होण्याच्या सुमारास, तीं कळविण्यांत आलीं. त्यानें रागाचें पत्र लिहिलें. त्यास फ्रँकलिननें १७ डिसेंबरास जें उत्तर दिलें त्याचा मतलब असा: फ्रान्सचें नुकसान होईल असें आम्ही कांहीं केलेलें नाहीं, फ्रान्सचा तह झाल्यावांचून आमचाहि पुरा होणार नाहीं, आमच्याकडून चूक झाली असेल तर ती शिष्टाचाराची. आणि इंग्रजांस वाटतें आहे कीं त्यांनीं आपणां दोघांस फोडलें, तेव्हां आपला हा रुसवा त्यांस कळूं नये हें बरें! या पत्राच्या पाठोपाठ फ्रान्सनें अमेरिकेस साठ लक्ष लिव्हरांचें नवें कर्ज दिलें. मित्राचा अपमान करून त्याच्याचकडून पैसे आणण्याची ही हातोटी पाहून पुष्कळ चरित्रकार हर्षित होतात. आम्हांस मात्र त्या पत्रांतला 'शिष्टाचार' हा शब्द खटकतो. सैन्य, आरमार आणि द्रव्य ज्यानें ओतलें त्याला विचारणें हा जर केवळ शिष्टाचार, तर वचन कशास म्हणावयाचें?

तरी येथेंहि एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. सन १७७९ मध्यें फ्रान्सनें स्पेनशीं गुप्त करार करून, जिब्राल्टर स्पेनला मिळेपर्यंत आपण इंग्रजांशीं तह करणार नाहीं, असें कबूल केलें होतें. आणि तें अमेरिकेस सांगितलें नव्हतें. म्हणजे अमेरिकन शेतकऱ्याच्या मुलानें व्हर्जिनियांत बंदूक घेऊन किती दिवस उभें राहावयाचें हें भूमध्य समुद्राच्या तोंडाशीं असलेल्या एका खडकावरून ठरणार होतें, आणि त्या मुलाला त्या खडकाचें नांवहि कोणी सांगितलें नव्हतें. यावरून आम्हांस असें दिसतें कीं, न विचारण्याचा दोष तह करणाऱ्याचाच असतो असें नाहीं. मित्राला न सांगतां युद्ध लांबविण्याची हमी देणें हेंहि त्याच जातीचें पाप आहे. शत्रूशीं सलूख करण्यापूर्वीं मित्रास विचारावें हें सर्व म्हणतात. युद्धाचा हेतु वाढविण्यापूर्वीं त्याला विचारावें हें फारसें कोणी म्हणत नाहीं.

या साखळीचा पुढला दुवा पुन्हा हिंदुस्थानांत येतो. हैदराचा मुलगा टिपू सन १७८३ मध्यें मंगळूरच्या किल्ल्यास वेढा घालून बसला होता. त्याच्याबरोबर फ्रेंचांची एक तुकडी होती. युरोपांत फ्रान्स व इंग्लंड यांचा तह ठरल्याची बातमी उन्हाळा सरतां सरतां येथें पोहोंचली, आणि ती तुकडी लढाई सोडून बाजूस झाली. टिपूस कोणी विचारलें नव्हतें. अमेरिकेनें फ्रान्सला विचारलें नाहीं, फ्रान्सनें टिपूला विचारलें नाहीं, मराठ्यांनीं टिपूच्या बापाला विचारलें नाहीं. आणि टिपूनें ११ मार्च १७८४ रोजीं मंगळूरास इंग्रजांशीं जो तह केला तो मराठ्यांस विचारून केला नाहीं. सालबाईच्या कराराचा त्यांत उल्लेखसुद्धां नव्हता, याचा पुण्याच्या दरबारास मोठा विषाद वाटला! विषाद वाटणें स्वाभाविक होतें; पण सालबाईस हैदराची जी जागा रिकामी राहिली होती तिच्याकडे पाहिल्यावर त्या विषादाची धार थोडी बोथट होते. पुढें दोनच वर्षांत मराठे व टिपू एकमेकांशीं लढूं लागले, आणि सन १७९० मध्यें तर मराठे इंग्रजांच्या बाजूनें टिपूवर चालून गेले. चौघांची जूट फोडतांना इंग्रजांनीं जो मुलूख व जो पैसा दिला तो फार नव्हता. त्यांनीं मिळविलें तें हें कीं, त्यानंतर पुणें आणि श्रीरंगपट्टण यांनीं एकमेकांच्या शब्दावर पुन्हा कधीं विश्वास ठेवला नाहीं.

आतां संमतीचा प्रश्न. मित्राची संमति मिळेपर्यंत तह करावयाचाच नाहीं असा नियम केला, तर जुटींतला जो अधिक युद्धखोर असेल त्याच्या मुठींत सर्वांची शांति जाते. हें आम्हांस मान्य नाहीं. महाभारतांतील उद्योगपर्वाचा आरंभ या बाबतींत पाहण्यासारखा आहे. विराटाच्या सभेंत पांडवांचे सोयरे व पाठीराखे जमले आहेत. कौरवांकडे बोलणें करावयास माणूस पाठवावा कीं काय, यावर कृष्ण बोलतो. बलराम नमतें घेण्याचा सल्ला देतो. सात्यकि त्याच्यावर उसळून युद्धाची भाषा बोलतो. वृद्ध द्रुपद दोन्ही हातांचें राजकारण सांगतो. शेवटीं द्रुपदाचा पुरोहित हस्तिनापुरास जातो, आणि पुढें स्वतः कृष्णहि जातो. सात्यकीचें मत ऐकलें गेलें. त्याच्या मतासाठीं शिष्टाई अडून राहिली नाहीं. पण जी माणसें उद्यां रणांत उभीं राहणार होतीं त्यांतल्या कोणालाहि शिष्टाई चालली आहे हें दुसऱ्याच्या तोंडून कळलें नाहीं. आमच्या समजुतीनें मित्राचा हक्क तो इतकाच, आणि इतका पुरा आहे.

गुप्ततेची अडचण मुत्सद्दी नेहमीं पुढें करतात, व ती खोटी नसते. चार कानांवर गेलेली गोष्ट बाजारांत जाते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनीं १५ जुलै १९७१ रोजीं आपण पेकिंगास जाणार असें जाहीर केलें, तेव्हां वीस वर्षें अमेरिकेच्या चीनविषयक धोरणामागें निष्ठेनें चालणाऱ्या जपानच्या पंतप्रधानांस ती बातमी केवळ कांहीं मिनिटें आधीं मिळाली. बोलणें फुटूं नये म्हणून हें केलें, असा खुलासा झाला. कदाचित् तसें करणें आवश्यकहि असेल. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, सन १९७२ च्या सप्टेंबरांत जपानच्या नव्या पंतप्रधानांनीं स्वतः पेकिंगास जाऊन चीनशीं संबंध जोडून घेतले; अमेरिकेस तितकी मजल मारण्यास १९७९ साल उजाडलें. ज्यास विचारलें नाहीं तो पुढें विचारीतहि नाहीं.

सुवेझच्या प्रकरणांत इंग्लंड व फ्रान्स यांनीं अमेरिकेस अंधारांत ठेविलें, त्यानंतर सन १९५६ च्या डिसेंबरांत कॅनडाचे पिअर्सन, नॉर्वेचे लांगे आणि इटलीचे मार्तिनो या तीन परराष्ट्रमंत्र्यांनीं उत्तर अटलांटिक संघटनेसाठीं एक अहवाल तयार केला. ठरलेला निर्णय कळविणें याला सल्ला म्हणत नाहींत. आपलें मत घट्ट होण्यापूर्वीं, धोरण आकार घेत असतांनाच, सर्वांनीं मिळून विचार केला तर तो सल्ला, असें त्याचें तात्पर्य होतें. 'मत घट्ट होण्यापूर्वीं' ही खूण आम्हांस फार मोलाची वाटते. सल्ला खरा कीं खोटा हें त्यावरून ओळखतां येतें. विचारणाऱ्याचें मन अजून वळूं शकत असेल तर तें विचारणें. नसेल तर ती दवंडी.

आणि तरीहि हा धडा राष्ट्रें घेत नाहींत. २९ फेब्रुवारी २०२० रोजीं अमेरिकेनें दोहा येथें तालिबानाशीं करार केला. काबूलचें जें सरकार अठरा वर्षें अमेरिकेच्या बाजूनें त्याच तालिबानाशीं लढत होतें तें त्या कराराचा पक्ष नव्हतें. करारांत मात्र असें होतें कीं, पांच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडण्यांत येतील. आणि ते कैदी काबूल सरकारच्या तुरुंगांत होते. सालबाईच्या कलमाशीं हें इतकें जुळतें कीं, वाचणारा क्षणभर थबकतो. दुसऱ्याच्या हातांतले बंदीवान, दुसऱ्याच्या गैरहजेरींत, त्याच्या शत्रूस कबूल करावयाचे. काबूलच्या अध्यक्षांनीं प्रथम नकार दिला. मग दाब आला आणि कैदी सुटले. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं काबूल पडलें. त्याचीं कारणें अनेक होतीं, आणि तीं सर्व या करारावर लादणें बरोबर होणार नाहीं. पण आपल्या पाठीमागें आपल्याविषयीं काय ठरलें हें ज्या सैनिकास ठाऊक नसतें, त्यानें शेवटपर्यंत नेटानें उभें राहावें अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावयाची?

एक धोका उलट बाजूचाहि आहे, तो सांगितल्यावांचून हा विचार पुरा होत नाहीं. विचारण्याचें कर्तव्य दोन्ही बाजूंस सारखें असेल तरच त्याला मैत्रीचें कर्तव्य म्हणतां येतें. तें एकाच बाजूस असेल तर त्याचें नांव ताबेदारी. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं जो तह केला त्यांत एक कलम असें आहे कीं, कंपनीस आधीं कळवून तिच्याशीं परस्पर विचारविनिमय केल्यावांचून पेशव्यांनीं इतर कोणत्याहि सत्तेशीं बोलणें सुरू करूं नये व चालूंहि ठेवूं नये. शब्द पाहिले तर किती सुंदर आहेत! परस्पर विचारविनिमय! पण कंपनीनें कोणाशीं बोलावें, कोणाशीं लढावें, याविषयीं पेशव्यांस विचारण्याचें बंधन त्या तोलाचें कोठेंहि नव्हतें. मित्राचा सल्ला घेण्याची थोर कल्पना येथें एका राज्याच्या पायांत बेडी म्हणून घालण्यांत आली, आणि तीहि अशी मऊ कीं घालून घेणाऱ्यास ती प्रथम रेशमाची वाटली.

स्वतः बाजीरावानेंहि हा तह करण्यापूर्वीं कोणास विचारलें नव्हतें. यशवंतराव होळकरानें पुणें घेतल्यावर तो पळून वसईस गेला, आणि ज्यांच्या बळावर मराठी राज्य उभें होतें त्या शिंदे-भोसल्यांस तह झाल्यावरच काय तें कळलें. महादजी तोंपर्यंत वारले होते; गादीवर दौलतराव होते. सन १८०३ मध्यें इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स दौलतरावांच्या छावणींत जाऊन, या नव्या तहाविषयीं तुमचें म्हणणें काय, असें विचारूं लागला. तेव्हां शिंद्यांकडून जी तक्रार पुढें आली तींत एक मुद्दा असा होता कीं, सालबाईच्या तहाचे जामीन आमचे घराणें आहे. तेव्हां पेशवे व कंपनी यांच्यांत असा नवा करार व्हावयाचा तर तो होण्यापूर्वीं आम्हांस विचारावयास पाहिजे होतें. कंपनीच्या सरकारानें तो मुद्दा मानला नाहीं. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत युद्ध सुरू झालें, आणि २३ सप्टेंबरास असईची लढाई झाली.